नाव घेतल्याशिवाय आत नाही

(मनवेलपाड्यातली एक इमारत, चौथा मजला. संध्याकाळची वेळ. लाईट गेली आहे. दारात एक मेणबत्ती.)

आशालता : थांबा, थांबा! चपला काढू नका. नाव घेतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही.

प्रल्हाद : अगं, खांद्यावर पुस्तकांचा गठ्ठा आहे. अंधारात चार जिने चढून आलोय. सरक बाजूला.

आशालता : सरकायला मी काय पडदा आहे? आज मी नवऱ्याची बायको नाही, नणंद आहे. विचारा हिला.

रोशनी : खरंच काका. परवा माझं लग्न ना? सांडोरला सासरी गेल्यावर अल्पेशच्या बहिणी दार अडवणार. म्हणून काकू मला तुमच्या दारात प्रॅक्टिस देत होत्या, तर मध्येच तुम्ही आलात.

प्रल्हाद : मग हिला अडव ना! शेजारचं पोर, दोन ढांगांत तिच्या घरी जाईल. मला कशाला?

आशालता : तिला एक उखाणा येईल तर शपथ. तुम्ही कसे, कवी! वाचनालयात कवितावाचन करून आलात. तोंड अजून गरम असेल.

प्रल्हाद : तोंड नाही, डोकं गरम आहे. आणि ऐकून ठेव, आजपासून कविता बंद. हा गठ्ठा रद्दीत टाक, नाहीतर पलंगाखाली.

आशालता : पलंगाखाली तुमचेच गठ्ठे आहेत. केरसुणी आत शिरत नाही माझी. काय झालं ते नीट सांगा बघू. कोण कोण आलं होतं?

प्रल्हाद : अध्यक्ष होते. हॉलची किल्ली ज्याच्याकडे असते तो व्हिन्सेंट होता. आणि एक गृहस्थ होते. ते पंख्याखाली बसायला आले होते.

रोशनी : अय्यो काका!

प्रल्हाद : हस, हस. लोकांची रसिकताच आटली, बाळ. घरी आलं की मालिका, दाराबाहेर पडलं की ते तुमचे मोबाईल. कविता कोणाला हवीय?

रोशनी : असं काही नाही हां. माझा इनबॉक्स बघा, शायरीने फुल आहे. अल्पेश रोज एक एसेमेस पाठवतो. नवीन यायला जागा नाही, तरी डिलीट करवत नाही.

प्रल्हाद : ती कविता नव्हे. ती जुळवाजुळव. ट ला ट.

रोशनी : असेल. पण पाठ होते ना.

प्रल्हाद : पाठ! तेच तर.

आशालता : काय हो? काय तेच तर?

प्रल्हाद : हिने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. तिथेही लाईट गेली गं. मी कविता वाचत होतो आणि कागद दिसेनासा झाला. अध्यक्ष म्हणाले, म्हणा की तोंडपाठ, तुमचीच तर आहे. आणि मला आठवेना, आशा. माझीच कविता, एक ओळ आठवेना! नुसता उभा राहिलो खांबासारखा.

आशालता : अगं बाई. मग?

प्रल्हाद : मग काय, अध्यक्षांनी वेळ निभवायला शाळेतली एक कविता सुरू केली. व्हिन्सेंट म्हणायला लागला, पंख्यावाले गृहस्थ म्हणायला लागले. आणि काय सांगू, मीसुद्धा म्हणायला लागलो. ती मला पाठ होती, शेवटच्या कडव्यापर्यंत!

रोशनी : सॉरी काका, मी नाही हसत.

प्रल्हाद : हस गं, हसण्यासारखंच आहे. आयुष्यभर लिहिलं, आणि माझी एक ओळ या जगात कोणाला पाठ नाही. मलासुद्धा.

आशालता : आता मी बोलू? रागावणार नाही ना?

प्रल्हाद : रागवायला त्राण कुठे आहे?

आशालता : त्या कवितेत होतं कोण?

प्रल्हाद : अनामिका.

आशालता : आली बया! इतकी वर्षं संसार केला तुमच्याशी, पण ही कोण ते मला कळलं नाही. कधी धुक्यात उभी, कधी क्षितिजावर उभी. मेली पाण्याच्या रांगेत कधी उभी नाही राहिली! इथे टँकर आला की माणसं जिन्यावरून घरंगळतात. समोरची बिल्डिंग झाल्यापासून चंद्र दिसत नाही, आणि तुमच्या पुस्तकात पानोपानी चंद्र. माणसाला आपलं काही सापडलं तर तो पुढचं पान उलटेल ना!

प्रल्हाद : तू पुस्तक वाचलंस?

आशालता : छापून आणलंत त्याच दुपारी. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मला वाटलं, एखाद्या कोपऱ्यात माझं नाव असेल.

प्रल्हाद : बोलली नाहीस कधी.

आशालता : काय बोलणार? पुस्तक मिटलं आणि आमटी फोडणीला टाकली. वाईट वाटलं हो. वाटणारच की.

रोशनी : काका, आता तर घ्यायलाच पाहिजे नाव. नो चॉइस.

प्रल्हाद : थांब जरा. अं... अस्तित्वाच्या अथांग पोकळीत...

रोशनी : पोकळी नको ना, प्लीज!

आशालता : चांदीचं ताटही नको. आमच्याकडे स्टीलची आहेत.

प्रल्हाद : तुम्ही दोघी बोलायचं थांबलात तर सुचेल. गठ्ठा धर गं रोशनी. हं, ऐका.
टँकर आला की बादली घेऊन धावते न दमता,
पुस्तकभर शोधली जिला, ती दारात उभी आशालता.

रोशनी : वॉव काका! सॉलिड!

आशालता : न दमता म्हणे! गुडघे बघा माझे.

प्रल्हाद : आणि खाली टाळ्या कोण वाजवतंय?

रोशनी : लाईट नाही ना, उकडतं म्हणून तुमच्या मागोमाग सगळे जिन्यात येऊन बसलेत. दुसऱ्या मजल्यापर्यंत. बघा, वन्स मोअर म्हणतायत!

आशालता : वाचनालयात नव्हती तेवढी गर्दी झाली की हो तुम्हाला. म्हणा परत, लाजताय काय? मोठ्याने म्हणा.

प्रल्हाद : तुझं नाव अख्ख्या जिन्याने ऐकलं, ते पुरे आहे.

रोशनी : मलापण असाच हवा, अल्पेशचा. टँकर नका घालू, त्यांची स्वतःची विहीर आहे. केळीची वाडी घाला. आणि त्याला राव नको लावायला, तो हसेल.

प्रल्हाद : उद्या सकाळी ये. आज रात्री बसतो.

आशालता : बसतो? कविता बंद होती ना आजपासून?

प्रल्हाद : आत तरी घेशील का आता?

आशालता : या. उजवा पाय आधी. आणि तो गठ्ठा द्या इकडे, पलंगाखाली करते जागा. पण आधी तो उखाणा कागदावर उतरवा, नाहीतर विसराल मेला.

प्रल्हाद : तुझ्या लक्षात राहिला?

आशालता : हो. पाठ झाला.

प्रल्हाद : मग राहू दे कागद.