रतांब्याच्या बिया आणि सरळ आतडं

अख्ख्या पावस गावात माझ्याइतके कोकमाचे रतांबे कुणी खाल्ले नसतील, आणि खाऊन माझ्याइतका कुणी रडलाही नसेल! चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी सालचा मे महिना. पैजेपायी टोपलीभर रतांबे बियांसकट गिळले आणि पोट कडेकोट बंद झालं. शेवटी बायकोने ओढत रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "बिया रेक्टममध्ये अडकल्यात. एनिमाने निघाल्या तर ठीक, नाहीतर ऑपरेशन."

माझी पाचावर धारण बसली, पण जीभ कुठली गप्प बसते! "रेक्टम म्हणजे काय हो?"

"आतड्याचं शेवटचं टोक. शब्द लॅटिन, त्याचा अर्थ 'सरळ'."

"सरळ आहे तर बिया अडकल्या कशा?"

डॉक्टर हसले. "जुन्या वैद्यांनी जनावरं फाडून हे नाव ठेवलं. जनावराचं सरळ असतं, माणसाचं वाकडं."

एनिमा लागू पडला! मी बाहेर येऊन बायकोला ओरडून सांगितलं, "अगो, सुटलो! ऑपरेशन नाही! वर आतडं वाकडं, म्हणजे मी माणूसच, हे डॉक्टरांनी सिद्ध केलंन्!"

ती म्हणाली, "बिया थुंकून टाकायच्या असतात, हे आपल्या शेळीलासुद्धा कळतं हो."