हेडसर, उलटे व्हा!

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा सरोजताई, प्रमुख पाहुणे, निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी महेंद्र साळवे साहेब, सत्कारमूर्ती वैशाली शेजवळ बाई, शिक्षक सहकारी, पालकहो, आणि मागच्या रांगेत उगाच खाकरणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

मुख्याध्यापक म्हणून मला पाच मिनिटं मिळाली आहेत. त्यातलं एक नावं घेण्यातच गेलं. उरलेल्या चारांत बाईंची सव्वीस वर्षं कशी बसवायची? बाई गणिताच्या, त्यांनी बसवली असती. मी पडलो मराठीचा माणूस.

आज एक कबुली द्यायची आहे. तीन वर्षांपूर्वी मी बाईंचा खेळ बंद पाडला होता. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर त्या आकडे लिहीत. दोन मुलं मिळून एक अपूर्णांक. अंश बाकावर, छेद खाली जमिनीवर. असे दोन अपूर्णांक शेजारी शेजारी. बाई ‘भागिले!’ म्हणाल्या, की दुसऱ्या जोडीने चटकन जागा बदलायची, मग वरच्यांचा वरच्यांशी गुणाकार, खालच्यांचा खालच्यांशी. भिंतीपलीकडे माझं ऑफिस. तिथे रोज धरणीकंप! शेवटी पत्रिका जप्त करून कपाटात टाकल्या आणि बाईंना लेखी समज दिली. भाषा माझीच, त्यामुळे फार सुंदर उतरली होती.

पंधरा दिवसांनी साळवे साहेब तपासणीला आले. सातवीत शिरले आणि विचारलं, “अर्धा भागिले पाव, किती?”

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. मग ऋतिका उठली. “साहेब, खेळलो तर येईल. पण पत्रिका हेडसरांच्या कपाटात आहेत.”

साहेब माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यात माझी बढती आणि पेन्शन दोन्ही बुडताना दिसली. पत्रिका आल्या. साहेबांनाही हौस! ते ‘एक’ घेऊन बाकावर बसले. खाली ‘चार’ कोण? सगळ्या वर्गाने माझं नाव घेतलं. ही झाली दुसरी जोडी, म्हणजे पाव. शेजारी ऋतिका आणि स्वानंद ही पहिली जोडी, म्हणजे अर्धा.

“भागिले!” बाई म्हणाल्या.

मी हललो नाही. कसा हलणार? मी बाकावर जायचं आणि तपासणीला आलेल्या साहेबांना फरशीवर बसवायचं? बत्तीस वर्षांच्या नोकरीत असलं काही केलं नव्हतं.

“लिमये सर, उलटे व्हा,” बाई हळूच म्हणाल्या.

“साहेब वर, मी खाली. हेच योग्य आहे,” मी म्हणालो.

“हेडसर चीटिंग करतायत!” स्वानंद ओरडला. पण खेळ तो खेळ. आहे तसाच गुणाकार झाला आणि उत्तर आलं एक अष्टमांश.

बाईंनी शांतपणे विचारलं, “अर्धी भाकरी आहे. पाव-पाव भाकरीचे तुकडे किती होतील?”

“दोन!” सगळा वर्ग.

“मग आठवा हिस्सा कुठून आला?”

“हेडसर उठले नाहीत म्हणून!”

साहेब स्वतःच बाकावरून उतरले आणि मांडी घालून फरशीवर बसले. मला मुलांनी हाताला धरून वर चढवलं. चार भागिले दोन, उत्तर दोन. अख्ख्या भाकरीचे पाव-पाव तुकडे चार, अर्धीचे त्याच्या निम्मे. खरं सांगतो, अपूर्णांक उलटा का करतात हे मला त्या दिवशी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, बाकावर बसून कळलं. तोवर पाठ होतं, एवढंच.

जाताना साहेबांनी विचारलं, “पत्रिका कपाटात का होत्या?” मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, “मुलं फाडतात ना, म्हणून सरांनी जपून ठेवल्या होत्या.”

साहेब, ते खरं नव्हतं. हे तुम्हाला आज कळतंय. बाई, तुमच्या फाइलमधलं ते पत्र मी त्याच दिवशी काढलं, पण तुमची माफी मागायची राहिली. आज सगळ्यांसमोर मागतो.

सरोजताईंचे, साहेबांचे, पालकांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. फक्त एक चूक आत्ताच दुरुस्त करतो. व्यासपीठावरच्या खुर्च्या मीच मांडल्या आहेत. मानाची, मधली खुर्ची माझी आणि बाईंची पार त्या टोकाला. सवय, दुसरं काय!

या बाई, तुम्ही इथे बसा. मी तिकडे जातो. स्वानंद, ओरडू नकोस रे, या वेळी उठलोय मी.