टाचणी बसती तिथं

न्हाई ताई, ह्या ओढ्यात आता न्हाई दिसायची ती. फोटू दाखवा बरं — हां, हीच. चतुराच्या जातीची, पण काडीवानी अंग, काळ्या पंखावर निळी झाक, उंबराच्या मुळीवर पंख मिटून बसायची. तुमी टाचणी म्हणता, आमी बी टाचणीच म्हणायचो. मला दाखवली आमच्या घरचीनं, सारजानं. मेंढरं पाजायला यायचो ना आमी इथं — ती म्हणली, बघा, ही आटत्या पाण्यावर बसत न्हाई, बारमाही झरा आसंल तिथंच बसती. अन् खरं निघालं ते. चार उन्हाळे बघितलं मी.

मग शहाऐंशीचा दुष्काळ. गावात पाणी उपसायची सोसायटी निघाली, बबनराव चेअरमन. दोन हिरी खांदल्या, दोन्ही कोरड्या. तवा बबनराव आमच्या मेंढरांपाशी आले — म्हणले, आसाराम, तू रानात फिरणारा माणूस, पाणी कुठं हाय तूच सांग. सारजानं चुलीपासून मान हलवली, नका म्हणून. दिसलं मला. दिसलं न्हाई आसं कसं म्हणू? पण चेअरमन माज्या घोंगडीवर बसले होते, ताई — तवर मला कुणी कायी इचारलंच नव्हतं.

नेलं मी त्यांला. टाचणी दाखवली. तिथंच सुरुंग लावून हीर खांदली, उंबर बी गेला. गावाला पाणी भेटलं, न्हाई म्हणत न्हाई — पहिल्या साली बायांचे हंडे भरले. मग उसाला सोडाय लागले. तिसऱ्या उन्हाळ्यात झरा गेला, हीर बी गेली. मेंढरं एकेक करून खाली बसायची — बसलं की उठायचं न्हाई. सारजा पदर वला करून त्यांची तोंडं पुसायची… कावून सांगायलो मी तुमाला हे?

सोसायटीनं मला त्या हिरीच्या मोटारीवर वॉचमन केलतं. आता कोरड्या हिरीवर कसली राखण — तरी जायचो. सारजा उरलेली अकरा मेंढरं घेऊन घाटनांदूरला भावाकडं निघाली. म्हणलं, मी बी येतो. ती म्हणली, "तुमी थांबा. लोकायला पाणी कोण दाखवील?" रागानं न्हाई म्हणली. रागानं म्हणली आसती तर गेलो आसतो मागं. तिथंच वारली ती, दोन सालानं. मला निरोप आला तवर माती झालती.

हाय, ताई. अजून एका जागी हाय टाचणी. डोंगराच्या आत, कपारीला वंजळभर पाणी झिरपतं. परवाच गेलतो, दोन बसल्या होत्या.

कुठं? न्हाई. वही मिटा. केजची जीप फाट्यावर भरायली, निघा तुमी.