सात नंबरचा रिकामा खिळा

सन्माननीय अध्यक्षा डॉ. राउटेनबर्ग, व्यासपीठावर बसलेले संचालक मंडळाचे सदस्य, कामगार परिषदेचे प्रतिनिधी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते श्री. डेटलेफ वीबुश, त्यांच्या पत्नी, आणि बटरकेक संपायच्या आत बोलणं संपावं अशी आशा धरून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, मॉइन, म्हणजे आपल्याकडचा नमस्कार.

मी हेनिंग ल्यूर्स, नियंत्रण विभागाचा प्रमुख. श्री. वीबुश यांच्याबद्दल मी बोलावं, याचं काहींना आश्चर्य वाटलं असेल. त्यांनी माझा जबडा दोन ठिकाणी मोडला आहे. खालचे हे दोन दात खोटे आहेत.

हसा. तेही हसताहेत.

कार्यक्रमपत्रिकेत छापलं आहे : छत्तीस वर्षांची सेवा. त्यातली अठ्ठावीस नियंत्रण कक्षात गेली. उरलेली आठ सुट्या भागांच्या कोठारात. का, ते पत्रिकेत नाही.

आठ वर्षांपूर्वी, वसंतात, आपण क्ष-किरण लेसर अकरा आठवडे बंद ठेवून सगळी नियंत्रण यंत्रणा बदलली. जुनी कपाटं गेली, नवं सॉफ्टवेअर आलं. ते काम माझ्याकडे होतं. किरणाच्या बोगद्यात जाणारा प्रत्येक माणूस त्या-त्या दारापाशी फळ्यावरच्या खिळ्याला टांगलेली एक किल्ली खिशात घालून आत जातो. एक जरी खिळा रिकामा असला तरी किरण सुरू होत नाही. ही पद्धत जुनीच. फक्त आता खिळे संगणक मोजणार होता आणि कक्षातल्या पडद्यावर हिरवा किंवा लाल रंग दाखवणार होता.

श्री. वीबुश तरीही स्वतः जाऊन, बोट लावून मोजत. आम्ही त्यांना हवालदार म्हणायचो.

"काय हवालदार, निघाले का गस्तीला? मग हा पडदा कशाला लावलाय आम्ही?"

"तुझ्या पडद्याला बोटं आहेत का रे?" ते म्हणायचे. ते सगळ्यांनाच अरे-तुरे करतात. डॉ. राउटेनबर्गनाही.

तिसऱ्या दाराच्या फळ्याचं कार्ड, म्हणजे खिळ्यांची खबर संगणकाला देणारी पट्टी, यायला उशीर झाला. त्यामुळे पडदा रोज लाल, आणि सगळ्या चाचण्या अडलेल्या. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली : तिसऱ्या फळ्याकडून काहीही आलं तरी 'सर्व ठीक' समज. संध्याकाळी काढीन, असं ठरवलं. नऊ दिवसांनी कार्ड आलं, बसवलं. ओळ तशीच राहिली.

पुन्हा सुरू करण्याचा दिवस. सकाळचे अकरा चाळीस. काचेपलीकडे पाहुणे उभे. उलटी गणती चालू. फोन वाजला. तिसऱ्या फळ्यापासून श्री. वीबुश बोलत होते.

"एक खिळा रिकामा आहे. सात नंबर. कोणीतरी आत आहे."

मी म्हणालो, "पडदा हिरवा आहे. चष्मा लावून मोजा." आणि फोन ठेवला.

ते धावत आले. छप्पन्न वर्षांचा माणूस. "बंद कर!"

"पाहुणे बघताहेत, वीबुश. हळू."

त्यांनी लाल बटण दाबलं. काही झालं नाही. बटणाचा संकेतही तिसऱ्या फळ्याच्या कार्डावरूनच जात होता, आणि माझी ओळ त्यालाही 'सर्व ठीक' समजत होती.

त्यांनी भिंतीवरची आगीची कुऱ्हाड काढली. मी वीजपुरवठ्याच्या कपाटासमोर आडवा आलो. ते फोडलं तर महिनाभर काम बंद पडलं असतं. माझ्या डोक्यात तेवढंच होतं. आत माणूस असेल, हे डोक्यात आलंच नाही.

त्यांनी दांडा फिरवला. हाड मोडल्याचा आवाज कानाने ऐकू येत नाही, तो कवटीच्या आतून येतो. मी खाली पडलो. तोंडात रक्त आणि दात. वर पाहिलं तेव्हा कुऱ्हाड मनगटाएवढ्या केबलवर पडत होती. एकदा. दोनदा. तिसऱ्या घावाला पांढरा जाळ झाला. वितळलेलं तांबं त्यांच्या डाव्या हातावर उडालं. मांस जळल्याचा वास आला. कुऱ्हाड त्यांनी सोडली नाही. दोन बोटं त्या दिवशी गेली.

गणती चारवर थांबली.

आत इंके थॉमसेन होती. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. गळती शोधायला गेली होती, दारापासून चारशे मीटरवर. तिला इशाऱ्याचे दिवे दिसले आणि तिने जवळचं, किरण थांबवायचं लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग मुठीने ठोकत राहिली. बाहेर आणली तेव्हा तिच्या हाताची तीन हाडं मोडलेली होती, आणि ती अजून ठोकतच होती, हवेत. तो किरण पोलादाला भोक पाडतो. माणसाचं काय झालं असतं, ते या सभागृहात कोणाला सांगायला नको.

पुढे चौकशी झाली. माझा जबडा तारांनी बांधलेला, म्हणून मी लेखी उत्तर दिलं : 'फळ्याने चुकीची माहिती दिली, कारण सापडलं नाही.' त्याआधी मी रुग्णालयात लॅपटॉप मागवून घेतला होता आणि ती ओळ पुसली होती. बदलांची नोंद ठेवणारा भाग त्या आठवड्यात बंद होता. कोणाला कळलं नाही. मला बढती मिळाली. श्री. वीबुश यांना मारहाणीबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि कोठार मिळालं.

डॉ. राउटेनबर्ग, कृपया खुणावू नका. थोडंच राहिलं आहे.

त्यांना माहीत होतं का? मी कधी विचारलं नाही. कोठारात गेलो की ते तीन बोटांनी सुट्या भागांचा डबा पुढे सरकवायचे. म्हणायचे, "मोजून घे." आठ वर्षं. दर वेळी.

"हेनिंग, आटप. कॉफी गार होतेय."

आटपतो, डेटलेफ.

ती ओळ मी आठवून कागदावर लिहिली आहे. खाली तारीख आणि माझी सही आहे. एक प्रत अध्यक्षांसमोर ठेवतो. एक कामगार परिषदेला. तिसरी श्री. वीबुश यांना. ताकीद मागे घेतली जावी, आणि सोमवारी माझ्या खुर्चीवर कोणी बसावं, ते मंडळाने ठरवावं.

बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, शांतपणे ऐकल्याबद्दल आपल्या सर्वांचे आभार. इंके, तुझे आभार मानायचा मला अधिकार नाही. आज बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर ते पोटात घाला. त्या दिवशी झालं ते मात्र घालू नका. ते कागदावर घ्या.