चौथं इंजेक्शन

(लातूरचा एक दवाखाना. काचेच्या आत रामलिंग, बाहेर त्याची मोठी बहीण गुणाबाई. बोलणं फोनवर.)

गुणाबाई : आन् आकडा आलाच न्हाई तर?

रामलिंग : येईल, अक्का.

गुणाबाई : काल आठ म्हनली सिस्टर. वीस तरी लागतेत म्हनली.

रामलिंग : आज तुला चौथं इंजेक्शन झालं ना? ते औषध तुझ्या हाडातल्या मूळपेशींना सांगतं, वाढा. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. मग त्यातल्या काही हाड सोडून रक्तात उतरतात. त्याच रोज मोजतात.

गुणाबाई : सांगतं म्हंजे वरडून सांगतं काय? कंबर, मांड्या, समदं ठणकून राहिलंय.

रामलिंग : ठणकतंय म्हणजे वाढताहेत.

गुणाबाई : मंग ठणकू दे.

रामलिंग : दाजी काय म्हणाले?

गुणाबाई : म्हनले, सोयाबीन काढायला आलंय. मी म्हनलं, काढा.

रामलिंग : बरं.

गुणाबाई : हितल्या खिडकीतनं तुजा फोटू दिसतो. क्लासच्या बोर्डावर. हाताची घडी घालून हायस.

रामलिंग : जीवशास्त्राच्या बॅचची जाहिरात आहे ती.

गुणाबाई : खाली लिवलंय, 'त्र्याण्णवच्या भूकंपात सर्वस्व गमावले, एकट्याच्या जिद्दीवर उभे राहिले.'

रामलिंग : ते क्लासवाल्यांनी लिहिलं.

गुणाबाई : भाषनात तर तूच बोलतोस. पोरीनं मोबाइलवर दाखवलं. 'मला कोणी नव्हतं' म्हनतोस, पोरं टाळ्या वाजवतेत.

रामलिंग : अक्का...

गुणाबाई : मी म्हनलं, मंग दगडं कुनी उचलले?

रामलिंग : तू.

गुणाबाई : आई-बापूवरचे न्हाई निघाले. तुज्यावरचे तेवढे निघाले. चार वर्साचा होतास.

रामलिंग : हे आधी का नाही बोललीस?

गुणाबाई : कवा बोलू? गावाकडं येतोस कुठं तू? आता काचेत हायस, म्हनून घावलास.

रामलिंग : एवढा राग होता, तर आलीस कशाला?

गुणाबाई : रक्त जुळलं म्हनून दवाखान्यातनं फोन आला. राग हाय का, असं न्हाई इचारलं त्यांनी.

रामलिंग : तुला माहीत आहे ना? कॅन्सर मारायला केमो दिली, तिनं माझ्या हाडातलं चांगलं-वाईट सगळंच मारलं. आता तुझ्या पेशी नाही मिळाल्या, तर मागं फिरता येत नाही.

गुणाबाई : ठावं हाय. सही घेतानाच सांगितलं डाक्टरनं.

रामलिंग : मला भीती वाटते.

गुणाबाई : मला बी.

रामलिंग : चुकलं माझं. एकटा उभा राहिलो म्हटलं की पोरांना आवडायचं. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं.

गुणाबाई : हाव.

रामलिंग : अजून काही बोल की.

गुणाबाई : काय बोलू? चुकलं म्हनलास, ऐकलं मी. थांब, सिस्टर आल्या.

महानंदा सिस्टर : गुणाबाई, रिपोर्ट आला. एकतीस.

गुणाबाई : वीसच्या वर झालं की!

महानंदा सिस्टर : झालं ना. चला, मशीनवर घ्यायचंय. एका हातातनं रक्त काढायचं, पेशी वेगळ्या करायच्या, उरलेलं दुसऱ्या हातात परत. पाच तास हात हलवायचे नाहीत.

गुणाबाई : रामा, एकतीस.

रामलिंग : ऐकलं.

गुणाबाई : मंग रडतोस कशाला?

रामलिंग : असंच.

गुणाबाई : पाच तास पडून काय करू मी? लई झालं ते.

रामलिंग : सिस्टर फोन कानाशी ठेवतील. मी बोलत राहतो.

गुणाबाई : बोलू नगंस, शिकव. पोरांला शिकवतोस तसं. हे पेशीचंच.

रामलिंग : कुठून सुरू करू?

गुणाबाई : आठवीपत्तूर शिकले, मंग तू होतास. नववीपासनं घे.