साक्षी म्हणजे कोण?

नुसतं पाहणाऱ्याला पाप लागतं का हो, मंडळी? नाही म्हणता? मग ऐका!

गोदावरीच्या काठी एक गाव. तिथे धुंडिराजशास्त्री वेदान्त सांगत. विषय एकच — साक्षी! "आत्मा केवळ पाहतो. करत नाही, भोगत नाही!" लोक माना डोलवायचे. आत्ता तुम्ही डोलवताय, तशाच!

एका सकाळी शास्त्रीबुवा नदीवर संध्या करत होते. त्यांची बायको भागीरथीबाई शेजारच्या दगडावर धुणं धूत होती. सखाराम कुंभार माती खणायला आला. इतक्यात खंडेराव पाटील आले — "माझ्या काठाची माती? कुणाला विचारलंस?" आणि घातली काठी! सखारामचा उजवा हात मोडला. कुंभाराचा हात हो!

बुवांनी काय केलं? डोळे मिटले. जप वाढवला!

आठ दिवसांनी चावडीत पंच बसले. पाटील म्हणाले, "गाढवावरून पडला." सखारामची बायको सगुणा ओरडली, "खोटं! शास्त्रीबुवा तिथंच होते!"

बुवा खाकरले. "बाई, मी या संसारात केवळ साक्षी. अलिप्त."

"साक्षी ना? मग द्या की साक्ष!"

वा गं माझे माय! अहो, अक्षि म्हणजे डोळा. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं आणि विचारल्यावर जो सांगतो, तो साक्षी! कुंभारणीला कळलं. आणि बुवा? मान खाली!

तेव्हा बायकांमधून भागीरथीबाई उठल्या. "मी पाहिलं. पाटलांनीच मारलं. इतके दिवस गप्प बसले, चुकलं माझं."

"बुवा, बायकोला आवरा!" पाटील गरजले.

बाई थांबल्या नाहीत. सगळं सांगूनच बसल्या. पंचांनी पाटलाला भर चावडीत सखारामचे पाय धरायला लावले, त्याचं घर पोसायला लावलं. पण हात? वाकडाच राहिला. त्या हातानं पुन्हा मडकं घडलं नाही.

आणि बुवा दुसऱ्या दिवशी पोथी उघडून बसले — समोर रिकामी सतरंजी!

हसू नका! परवा तुमच्या एसटी स्टँडवर फुलं विकणाऱ्या म्हातारीला लाथ घातली. मारणारा एक, बघणारे तीस! मोबाइल काढून शूटिंग केलंत. पोलिसांनी विचारलं, तर "आम्ही नव्हतोच तिथं"! लाज नाही वाटत?

कीर्तन इथंच थांबवतो. म्हातारी बाहेर पायरीवर बसली आहे. तिला घेऊन मी चौकीवर निघालो. कोण कोण येतं?

टाळ्या नकोत — उठा!