रंगवायचं पुस्तक

—पुरे ताई, पुन्हा नका उचलू ती पिन. पांढराच आहे ना खालचा कागद? मला माहीत होतं. असं माझ्या तोंडाकडे नका बघू — बसा, आधी बसा, त्या खुर्चीवरची पुस्तकं खाली ठेवलीत तरी चालेल — नको, खाली नको, माझ्याकडे द्या, अप्पा ओरडतात. अंघोळीला गेलेत ते, त्यांना वेळ लागतो, तेवढ्यात आपलं बोलून होईल. तुम्हाला माझ्या सासऱ्यांनी बोलावलं, फोन त्यांनी केला, सगळं मान्य. पण दार मी उघडलं ना? मग आधी माझं ऐका. ते बाहेर आले की तुम्ही एवढंच म्हणायचं — नकली आहे. संपला विषय. चहा घ्यायचा आणि निघायचं.

अहो, अस्सल आहे, मी कुठं नाही म्हणतेय! तेच तर दुखणं आहे. आता तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही या धंद्यातल्या, पण सांगते, कारण बोलले नाही तर जीव गुदमरेल माझा. हे रंगवायचं पुस्तक. डाव्या पानावर छोटं रंगीत चित्र, उजव्या पानावर तेच मोठं, नुसत्या रेघा. बदक, होडी, सर्कशीतला हत्ती. अप्पांच्या लहानपणी घरोघरी असणार, पण रंगवायचं पुस्तक कोरं ठेवणारं पोर जगात कुठं असतं? म्हणून कोरी प्रत म्हटली की तुम्हा लोकांचे डोळे चमकतात. अप्पांना मिळाली एका दुकानाच्या माळ्यावर, न उघडलेल्या गठ्ठ्यात. तेव्हापासून आम्ही सगळे त्या पुस्तकाचे नोकर. पंखा लावायचा नाही, पाणी आणायचं नाही, शिंकायचं झालं तर बाहेर जा! मी हसायचे. आमचे हे म्हणायचे, एवढी काळजी आमची कधी घेतली नाही.

आणि त्या नकली प्रतींचं प्रकरण तुम्हाला ठाऊकच असेल. कागद जुना दिसावा म्हणून चहात बुडवून त्यावर कोऱ्या प्रती छापत होता एक माणूस. मोठमोठे फसले. पकडला कुणी? आमच्या अप्पांनी! पिन काढून दाखवली सगळ्यांसमोर — म्हणाले, खऱ्या पुस्तकात पिनेखालचा कागद पांढरा राहतो, आणि याचा तिथंही तपकिरी, म्हणजे आधी रंगवलाय आणि मग टाचलाय. काय टाळ्या पडल्या! घरी आले ते असे, जसं लग्नच ठरलंय. तेच आता उलटलंय बघा. मध्यंतरी एक दिवस त्यांनी कपाट उघडलं, पुस्तक काढलं, आणि बदक पिवळं! होडी लाल, हत्ती निळा! मला वाटलं आता कोसळतात. नाही कोसळले. शांतपणे म्हणाले, "हे माझं नाही. माझं कोणीतरी नेलंय आणि हे नकली आणून ठेवलंय. आणि चोर हुशार आहे — छपाईकडे माझं लक्ष जाऊ नये म्हणून रंगवूनच ठेवलंय." पिन त्यांना स्वतःला काढता येत नाही, बोटांत तेवढा जोर राहिला नाही, म्हणून तुम्हाला बोलावणं.

कोणी रंगवलं? चिंगीनं. आमच्या पोरीनं, आणखी कोणी? किल्ली कपाटालाच राहिली असेल, पोर ती, दिसलं पुस्तक, घेतले खडू. लहान आहे हो. असं पालथं पडून, जीभ जरा बाहेर काढून, चष्मा कपाळावर सरकवून — इतकं तल्लीन होऊन रंगवत होतं, की —

नाही.

नाही लागत चिंगीला चष्मा.

थांबा, जरा कानोसा घेते. नाही, पाणी चालू आहे अजून. ताई, तुम्ही बाई आहात म्हणून सांगते, आमच्या ह्यांनाही मी हे बोललेले नाही. अप्पांनीच रंगवलं ते. मी धुतलेले कपडे ठेवायला खोलीत गेले तर टेबलावर वाकून बसलेले. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, असं होणार म्हणून. कधी तारीख जाते, कधी माझं नाव जातं. पण पुस्तकं कधी गेली नव्हती हो, त्यांच्या खोलीत गेले की अप्पा अप्पाच असायचे, धारदार. आणि दवाखान्यातून परत येताना काय म्हणाले माहितीये? म्हणाले, "सूनबाई, ज्या दिवशी माझ्या हातून एका पुस्तकाला धक्का लागेल, त्या दिवशी सगळी वाचनालयाला देऊन टाकायची आणि खोलीला कुलूप. शब्द दे." मी दिला. काय करणार! आणि हा माणूस बोलेल तसंच करणार, तुम्हाला नाही माहीत तो हट्ट. उद्या कळलं की हे आपणच केलं, तर परवा टेंपो दारात उभा. मग तो माणूस दिवसभर करेल काय? भिंतीकडे बघत बसेल? महिनाभरसुद्धा नाही टिकायचे हो ते!

काय? थांबवलं का नाही? — तुम्ही विचारणारच. तुम्ही विचारावं म्हणूनच मी एवढी बडबडतेय बहुतेक. नाही थांबवलं. दारात उभी राहिले. एवढी वर्षं झाली लग्नाला, त्या चेहऱ्यावर असं सुख मी एकदाही पाहिलं नाही. हत्ती झाला, होडी झाली, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आई, पिवळा कुठंय?" मला म्हणाले. आई म्हणाले. मी काय करायला हवं होतं? हातातून खडू काढून घ्यायचे? मी गेले, चिंगीच्या दप्तरातनं पिवळा काढला आणि आणून दिला. मी दिला, ताई. आणि शेजारी उभी राहून म्हटलं, चोचीला नारिंगी लाव. बघा ना, रेघेबाहेर कुठं गेलाय का? किती नीट रंगवलंय!

हो, ते बरोबर आहे तुमचं. नकली म्हटलं की चोर लागतो. चोरही ठरलाय. बाइंडरकाका. ह्या सगळ्या पुस्तकांच्या पाठी त्यांनी बांधल्यात, तरुणपणापासूनची दोस्ती, दर शनिवारी यायचे, दोघं मिळून एकेका पानावर भांडायचे. गेल्या शनिवारी आले तर अप्पांनी दार उघडू दिलं नाही. म्हणाले, पारखणाऱ्या बाई येऊ देत, नकली ठरू दे, मग पोलिसांत जातो. मी जाळीतून बघितलं, ते जिन्यावर उभे होते. हातात डिंकाची बाटली. मग गेले. त्यांचं काय चुकलं हो? मी हा विचार केलाच नव्हता, खरंच नव्हता केला — मला वाटलं होतं, नकली म्हटलं की प्रश्न मिटेल. आता तुम्हीच सांगा, अस्सल म्हणावं तर अप्पा जातात, नकली म्हणावं तर काका जातात. इकडे आड, तिकडे विहीर. चिंगीवर ढकलावं तर ते पोरीचं तोंड बघणार नाहीत, आणि ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. कपाटाला हात लावणारं दुसरं आहे कोण? काका आणि —

काका आणि मी.

नाही, काही नाही. थांबा. पाणी बंद झालं वाटतं. चहा राहिलाच तुमचा.

या अप्पा, बसा. पाय पुसलेत ना नीट? ह्या त्या बाई. हो, बघितलं त्यांनी, पिन काढून बघितलं — ताई, तुम्ही थांबा, मी सांगते. मी सांगते म्हटलं ना! अप्पा, तुमचंच खरं निघालं. नकली आहे. तुमची नजर चुकेल कशी? पण बाइंडरकाकांनी नाही नेलं. ऐकून घ्या ना माझं, काकांचा काही संबंध नाही. मी नेलं. मी विकलं ते. कुणाला ते विचारू नका. हो, मी. तुमच्या मुलाला माहीत नाही. हो, शुद्धीवर आहे मी. अप्पा, ओरडा ना, शिव्या द्या, पण असं नका बघू.

किल्ली? कपाटाची? — खोलीचीपण? हो. हा घ्या माझ्याकडचा जुडगा. दोन्ही आहेत त्यात.

नाही येणार. पाऊल टाकणार नाही आत. गोळ्या चिंगी आणून देईल.

ताई, तुम्ही निघा आता. बाहेर जिन्यात दिवा नाही, जपून उतरा.